तांबं ओरडतं तेव्हा

तांबटाचं बायकोबद्दल एकच गाऱ्हाणं होतं, आणि ते त्यानं भेटेल त्याला सांगून झालं होतं.

"म्हातारपणी हिला पाण्याचं वेड लागलंय. हातोडा हातात घेतला, जरा कुठे लय लागली, की आलीच ग्लास घेऊन. पाणी प्या, पाणी प्या. मी माणूस आहे की कुंडीतलं रोप?"

ऐकणारे हसत. बायको हसत नसे आणि ग्लासही चुकवत नसे. ऐरणीशेजारच्या लाकडी ठोकळ्यावर ती तो ठेवायची आणि त्यानं उचलेपर्यंत तिथून हलायची नाही. तो कुरकुरत हातोडा खाली टाकायचा, दोन घोट प्यायचा, आणि थांबलोच आहोत तर म्हणून भांडं भट्टीवर धरून लाल होईस्तोवर तापवून घ्यायचा. मग पुन्हा ठोके.

खरं म्हणजे गाऱ्हाणी दोन होती. दुसरं असं, की ती हल्ली ओरडून बोलायची. तरुणपणी जिच्या तोंडून मोठा शब्द निघाला नाही, ती आता भाजीत मीठ बरं आहे का हेसुद्धा भांडायला उठल्यासारखं विचारायची. आणि बायको ओरडत होती तर बाकीचं जग पुटपुटत होतं. गिऱ्हाइकं तोंडातल्या तोंडात बोलत, टेलिफोन खरखरत असे, बातम्या सांगणाऱ्याला तर बोलायलाच शिकवलेलं नव्हतं. तांबट मान हलवून म्हणे, "लोकांच्या अंगात दमच राहिला नाही."

त्याचं दुकान म्हणजे रस्त्याकडे उघडी असलेली एक लांबट खोली. मागे राहायच्या दोन खोल्या. भिंतीवरच्या फळ्यांवर किटल्या, डाव, पातेली, तळाला जाड नि कडेला पातळ असे टोप. उन्हाची तिरीप आली की सगळी भिंत पेटल्यासारखी दिसे. हे सगळं त्यानं एका हातोड्यावर उभं केलं होतं, आणि त्याच्या वडिलांनी त्याच्या आधी.

अशा दुकानात एका सकाळी जॅमवाल्या बाई आपलं जुनं पातेलं काखेत मारून आल्या. ते पातेलं तांबटाच्या वडिलांच्या हातचं. बाईंच्या सासूनं त्यात जॅम केला, तीस वर्षं बाईंनी केला, आणि आता त्याचं बूड इतकं झिजलं होतं की धरून पाहिलं तर दिव्याचा उजेड सुईएवढा पलीकडून यायचा.

"भोकाला डाग देऊन भागणार नाही," तांबट म्हणाला.

"म्हणून तर आले. नवंच करा. एका पत्र्याचं, कुठे जोड नको. पण आठ दिवसांत लागेल. फळं पिकत आलीत, आणि फळ काही आपल्यासाठी थांबत नाही."

तांबटानं कानामागे हात नेऊन खाजवल्यासारखं केलं. "किती दिवसांत?"

"आठ!" बाईंनी बोटं दाखवली.

जॅमचं पातेलं हे साधं काम नव्हे. इतर भांड्यांना आतून कल्हई लागते, नाहीतर आंबट पदार्थ कळकतो आणि खाणाऱ्याचं पोट बिघडतं. जॅमच्या पातेल्याला कल्हई चालत नाही. साखर उकळून चिकट झाली की तिची आच एवढी वाढते, की कल्हईचं कथील वितळून पदार्थात उतरायची भीती. तिथे उघडं तांबंच हवं, आच सगळीकडे सारखी नेणारं. शिजलं की लगेच काढून बरण्यांत भरायचं, भांड्यात मुरू द्यायचं नाही, एवढं पथ्य. आणि भांडं उघडं म्हणजे तांबटाचा ठोका न् ठोकाही उघडा.

तांबटानं हो म्हटलं. एवढ्या जाडीचे दोनच पत्रे शिल्लक होते, नवा माल पंधरा दिवसांनी येणार होता. पण दोन पत्रे म्हणजे त्याच्या हिशेबी एक जास्तच होता.

त्याच दिवशी दुपारी निरोप आला, की बायकोची थोरली बहीण न्हाणीघरात घसरून पडली आणि पाय प्लास्टरमध्ये आहे. बायकोनं पिशवी भरली. दारात उभी राहून तिनं नवऱ्याकडे पाहिलं, मग ऐरणीकडे, मग पुन्हा नवऱ्याकडे. काहीतरी जिभेवर आलं होतं, ते तिनं गिळलं.

"मधेमधे थांबत जा," ती मोठ्यानं म्हणाली. "पाणी पीत जा."

"आठ दिवस तरी सुखानं कोरडा राहीन," तांबट म्हणाला. ती गेली.

आता तांब्याचा स्वभाव सांगायला हवा, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. हा धातू मार खाईल तसा कडक होत जातो. ठोक्यावर ठोका बसला की तो आतून आखडतो, हट्टाला पेटतो, आणि त्या हट्टातही ठोकत राहिलं तर मधूनच फाटतो. मार खाऊन मऊ झालेलं तांबं आजवर कोणी पाहिलेलं नाही. त्याला मऊ करायचा एकच मार्ग: हात थांबवायचा, ऊब द्यायची, लाल होऊ द्यायचं, पाण्यात विझवायचं. मग ते पुन्हा मेणासारखं ऐकतं. सगळी कला एवढीच, की थांबायचं केव्हा. आणि ते सांगतो आवाज. मऊ तांब्यावरचा ठोका कणकेवर थाप मारल्यासारखा बसतो. कडक होत गेलं की आवाज चढतो, पातळ होतो, शेवटी दातांतून कळ जावी असा खणखणतो. तांबट लोक म्हणतात, तांबं ओरडायला लागलं. त्याच्या वडिलांनी त्याला पहिल्या दिवशी शिकवलं होतं ते हेच: हात कामाला, कान तांब्याला.

तिसऱ्या दिवशी पातेल्याची कड वर यायला लागली होती. लय छान लागली होती. मधे कोणी ग्लास घेऊन येत नव्हतं, हात थांबत नव्हता, आणि तांबट मनाशी म्हणत होता की कित्येक वर्षांत असं सलग काम झालं नाही. तेवढ्यात हातोड्याखाली काहीतरी वेगळं लागलं. त्यानं पातेलं उचलून उजेडात धरलं. कडेपासून खाली बोटभर लांबीची चीर गेली होती.

तो पाहत राहिला. असं शिकाऊ असताना झालं होतं, आणि तेव्हा वडील दोन दिवस बोलले नव्हते.

"पत्राच खराब," तो म्हणाला.

दारात लेक उभी होती, हातात डबा. आई गावाला गेल्यापासून तीच दोन्ही वेळचं जेवण आणून द्यायची. ती समोरच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहत होती. खिडकीपाशी टेबल मांडून तांब्याच्या तारेची कानातली नि बांगड्या करायची. कानाला नि मनगटाला हिरवा डाग पडू नये म्हणून वर पातळ लेप द्यायची. त्या कामाला तांबट 'डासांचे दागिने' म्हणे.

लेकीनं डबा ठेवला, त्याच्या समोर आली आणि म्हणाली, "बाबा, पत्रा कशानं खराब असेल? केव्हाचं ओरडत होतं ते. जिना उतरताना मला ऐकू येत होतं. म्हटलं, बाबा आता थांबतील, मग थांबतील."

"काय ओरडत होतं?"

"तांबं."

"काहीतरीच. मी इथे बसलोय ना ऐरणीपाशी."

लेकीनं लहान हातोडी उचलली, चिरलेल्या कडेवर एक टोला मारला, आणि दचकून स्वतःच डोळे मिटले. तांबटानं तिचे मिटलेले डोळे पाहिले. त्याच्यापर्यंत जे पोचलं ते गादीखालून कोणी दार ठोठावल्यासारखं होतं.

"अजून एकदा मार," तो म्हणाला.

तिनं मारला. गादीखालचं दार.

"आई असताना एकसुद्धा फाटलं नाही," तो म्हणाला, "एकसुद्धा—" आणि तिथेच थांबला.

त्याच्या डोळ्यांसमोर तो ग्लास उभा राहिला. ठोकळ्यावर ठेवलेला. लय लागली की येणारा. कधी वीस मिनिटांनी, कधी पाऊण तासानं, आणि तो चिडायचा की हिला वेळेचा काही नेम नाही. नेम होता. पातळ पत्र्याला लवकर, जाड पत्र्याला उशिरा. ती मागच्या खोलीत भाजी चिरत असेल, कपडे घड्या करत असेल, आणि कान मात्र सगळा वेळ इकडे. तांबं ओरडलं की हातातलं टाकून उठायची. आणि तो थांबायचा, प्यायचा, तापवायचा, नि मनात म्हणायचा, अजून माझा अंदाज चुकत नाही.

बायको ओरडून का बोलायची तेही मग कळलं. टेलिफोन का खरखरतो तेही. एक धागा ओढावा नि सगळं विणकाम उसवत यावं, तसं एकेक सुटत गेलं.

"तुला माहीत होतं?" त्यानं लेकीला विचारलं.

"तुम्हाला कमी ऐकू येतं हे सगळ्या गल्लीला माहीत आहे बाबा. पण कामाचं... कामाचं मला आज कळलं. आईला फोन करू?"

"नको."

"मग मी बसते इथे. ओरडायला लागलं की हात वर करीन."

"आणि तुझं काम? मुलांची शाळा? दिवसभर बसणार तू?" तो म्हणाला. खरं कारण ते नव्हतं, आणि दोघांनाही ते माहीत होतं. त्यानं डब्याचं झाकण उघडलं, पुन्हा लावलं. "जॅमवाल्या बाईंना सांगतो, दुसरीकडे बघा. यंत्रावरची मिळतात हल्ली, चकचकीत."

"सांगा," लेक म्हणाली. तिनं समजूत घातली नाही. घातली असती तर त्यानं खरंच सांगितलं असतं.

रात्री त्याला झोप लागली नाही असं काही झालं नाही. दमलेल्या माणसाला झोप लागते, ती देवाची मेहरबानी. पण सकाळी उठल्यावर पहिला विचार आला तो असा, की शेवटचं भांडं आपण स्वतः कधी केलं. दोन वर्षांपूर्वी? पाच? फळीवरच्या किती किटल्या आपल्या आणि किती दोघांच्या? त्यानं फळीकडे पाठ केली आणि समोरच्या इमारतीचा जिना चढला.

लेक खिडकीपाशी तारेला पीळ घालत होती. तिनं वर न बघता पायानंच स्टूल पुढे सरकवलं. तो बसला. बराच वेळ तिचे हात पाहत राहिला. पीळ, पीळ, पीळ, मग थांबून तार छोट्या ज्योतीवरून फिरवली, पुन्हा पीळ.

"आता का तापवलीस?"

"कडक झाली होती."

"आवाज आला?"

लेक हसली. "तारेला कसला आवाज बाबा? डासांच्या दागिन्यांना आवाज नसतो."

"मग कळलं कसं?"

"बोटांना." तिनं दोन तुकडे त्याच्या हातात ठेवले. "डोळे मिटा. ही वाकवा."

त्यानं वाकवली. तार वाकली आणि वाकलेलीच राहिली, गुणी मुलासारखी.

"आता ही."

दुसरी वाकली, पण बोट सोडताच थोडीशी परत फिरली.

"ही 'नाही' म्हणते," लेक म्हणाली. "जितकी जास्त परत फिरते तितका राग जास्त. अगदी थोडं 'नाही' म्हणाली की मी तापवते. मोठ्यानं 'नाही' म्हणायची वाट बघत नाही."

तांबट त्या दोन तारा वाकवत बसला. लेकीनं तिच्या दोन बांगड्या पुऱ्या केल्या तरी तो बसलेलाच होता. पन्नास वर्षं तांबं हाताळलेला माणूस, पण तांब्याचं बोलणं कानानंच ऐकायचं अशी त्याची समजूत. बोटं बिचारी सगळा वेळ तिथेच होती, त्यांना कोणी विचारलं नव्हतं.

"हे तुला कोणी शिकवलं?"

"कोणी नाही. मला ऐरणीपाशी कुठे बसू देत होतात तुम्ही."

तांबटानं दोन्ही तारा खिशात घातल्या आणि तो उठला. जाताना दारात थांबून म्हणाला, "दागिने चांगले आहेत." लेकीनं मान डोलावली. डोळे तारेवरच ठेवले, कारण वर पाहिलं असतं तर काम पुढे गेलं नसतं.

शेवटचा पत्रा त्यानं दुपारी कापला. कडेचा एक फेरा झाला की हातोडा ठेवायचा, दोन्ही अंगठे आत, बोटं बाहेर, आणि कड हलकी दाबून सोडायची. पहिल्यांदा काहीच कळेना. मग एकदा कड अंगठ्यांवर जराशी परत आली. माणूस झोपेत कूस बदलतो तेवढीच. तांबटाच्या अंगावर काटा आला. त्यानं लगेच तापवलं, विझवलं, पुन्हा दाबून पाहिलं. मेण.

बुडाचं मात्र जमेना. बूड मधे सपाट, त्याला धरायचं कुठून नि दाबायचं कसं? तिथे तो भीतीनंच काम करत होता. दहा ठोके की तापव, दहा ठोके की तापव. दुप्पट वेळ गेला. सातव्या दिवशी संध्याकाळी पातेलं उभं राहिलं, आणि आठव्या दिवशी सकाळी जॅमवाल्या बाई आल्या.

बाईंनी पातेलं फिरवून पाहिलं, कडेवरून हात फिरवला आणि काहीतरी म्हणाल्या. तांबटानं नेहमीसारखं 'हो हो' म्हणायला तोंड उघडलं, आणि मिटलं. आयुष्यात काही वाक्यं लहान असतात आणि तोंडातून काढायला मोठी.

"बाई, मला ऐकू येत नाही," तो म्हणाला. "अशा समोर या आणि जरा मोठ्यानं सांगा."

बाई समोर आल्या. त्यांचा चेहरा एकदम निवळला. "अहो, मग हे आधी सांगायचं. मला वाटलं तुम्हाला गर्व झालाय. दोन वर्षं मी जाता-येता विचारते, काय तांबट, बरं आहे ना? आणि तुम्ही म्हणता, 'उद्या या.'"

तांबट आधी ओशाळला आणि मग इतका हसला की त्याला डोळे पुसावे लागले.

"मी म्हणत होते, कड सुंदर झाली आहे," बाई म्हणाल्या.

"कड हातानं केली," तो म्हणाला. "बूड देवाच्या भरवशावर आहे. पहिला जॅम झाला की दाखवायला आणा."

नवव्या दिवशी बायको परत आली. पिशवी खाली ठेवायच्या आधीच तिची नजर कोपऱ्यातल्या चिरलेल्या पातेल्यावर गेली. तिनं ते उचललं नाही. नुसती पाहत उभी राहिली, आणि तिचा चेहरा असा झाला, की जणू चीर तिच्याच हातून पडली.

"दुसरं चांगलं झालं," तांबट म्हणाला. "ये, बस. आणि ओरडू नकोस, समोर बस म्हणजे झालं. ओठांवरून बरंच कळतं मला. हे परवाच लक्षात आलं."

ती स्टुलावर बसली.

"किती वर्षं?"

"तीन. चौथं लागलंय."

"सांगितलं का नाहीस?"

"काय सांगू? 'अहो, तुम्हाला आता तांबं ऐकू येत नाही' असं? तुम्ही त्या दिवशी हातोडा ठेवला असता आणि पुन्हा उचलला नसता. मला माहीत नाहीत का तुम्ही?"

"मी तुझी गावभर थट्टा केली."

"केलीत. लोक मला विचारायचे, काकू, आज रोपाला पाणी घातलं का?" ती जराशी हसली. "म्हटलं, करू दे. थट्टा करतोय तोवर हातोडा चालतोय."

मग त्यानं तिला लेकीकडून शिकलेलं सगळं सांगितलं. दोन तारा दिल्या, चिरलेल्या पातेल्याची कड दाबून दाखवली, अंगठे कसे ठेवायचे, कड कशी 'नाही' म्हणते. सांगताना तो रंगून गेला. शाळेतून नवीन काही शिकून आलेल्या मुलासारखा पुन्हा पुन्हा तेच सांगत होता. बायको ऐकत होती, मान हलवत होती. "बरं झालं हो," ती म्हणाली. "बरं झालं. आता माझी धावपळ नको." आणि उठून पिशवी उचलून आत निघाली.

तांबटाला ऐकू येत नव्हतं, पण नऊ दिवसांत त्याला एक सवय लागली होती, न ऐकता पाहायची. तिची पाठ त्यानं पाहिली. ती पाठ बरं झालं असं म्हणत नव्हती. तीन वर्षं या खोलीतलं एकेक भांडं तिनं भिंतीपलीकडून सांभाळलं होतं. कोणाला न सांगता, नाव न मागता. आता आनंदाची बातमी देता देता त्यानं तिचं काम काढून घेतलं होतं.

त्याच्या मनात आलं, आपणही थोडं नाटक करावं. जमत नाही म्हणावं. तिनं तीन वर्षं केलं, आपण दोन दिवस करू. पण मग लक्षात आलं की नाटकाची गरजच नव्हती.

"अगं, हे बघ," त्यानं हाक मारली आणि ऐरणीवरची अर्धी झालेली किटली उलटी करून धरली. "बुडावर हात फिरव."

तिनं पिशवी ठेवली, हात फिरवला आणि कपाळाला आठी घातली. "हे काय? संत्र्याच्या सालासारखं लागतंय."

"जास्त तापवलंय. घाबरून घाबरून. कडेचं अंगठ्यांना कळतं, बुडाचं मला काहीच कळत नाही. जॅमवाल्या बाईंचंही असंच झालं असेल, त्या बोलल्या नाहीत एवढंच." त्यानं किटली खाली ठेवली. "बुडाला कान लागतो. माझ्याकडे तो नाही."

तिची नजर सवयीनं मागच्या खोलीकडे गेली.

"पण आत बसून नाही," तांबट म्हणाला. "भाजी चिरायची तर इथे चीर. समोर. मला दिसेल अशी. ओरडायला लागलं की हात वर कर. आणि कोणी विचारलं की किटली कोणी केली, तर मी दोघांची नावं सांगणार. तेव्हा मधे बोलायचं नाही."

"लोक हसतील," ती म्हणाली.

"त्यांना सवय आहे."

तिनं स्टूल उचललं, ऐरणीच्या समोर आणून ठेवलं, उजेड चेहऱ्यावर पडेल असं वळवलं आणि बसली. भाजी आणली नव्हती, म्हणून हात मांडीवर ठेवले. तांबटानं नवा तुकडा तापवला, विझवला, ऐरणीवर उलटा घातला आणि ठोके सुरू केले. एक डोळा तांब्यावर, एक तिच्यावर. कित्येक वर्षांत त्यानं तिच्याकडे इतक्या वेळा पाहिलं नव्हतं. ती मान जराशी कलती करून ऐकत होती, ओठ मिटून, कोणी गाणारा कुठे चढतो नि कुठे उतरतो ते ऐकावं तशी.

तिचा हात वर गेला. तो तत्क्षणी थांबला. हातोडा हवेतच.

"तापवू?"

"नाही हो," ती म्हणाली. "माशी होती. चालू द्या."